ब्रोर्सनचे 'हेर विल तीएस' : एका डॅनिश स्तोत्रातील छंद, यमक आणि पुनरावृत्ती

लिंबलोण (धागाकर्ता)

छंदःशास्त्रावरील चर्चेत युरोपीय पद्याचा विषय निघाला की गाडी बहुधा सुनीतापाशी येऊन थांबते. म्हणून या धाग्यासाठी जरा आडवाटेचे उदाहरण घेतले आहे. हान्स आडोल्फ ब्रोर्सन (१६९४–१७६४) हा डेन्मार्कचा स्तोत्रकार १७४१ पासून रीबे येथे बिशप होता. ज्या पीएटिस्ट (वैयक्तिक भक्तिभावावर भर देणाऱ्या) धर्मजागृतीच्या प्रेरणेने १७०६ मध्ये तमिळनाडूतील तरंगंबाडी या तेव्हाच्या डॅनिश ठाण्यात पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी उतरले, त्याच वातावरणात तो घडला. त्याच्या मृत्यूनंतर, १७६५ मध्ये, मुलाने त्याची अखेरची रचना 'स्वाने-सांग', म्हणजे हंसगीत, या नावाने छापली. प्रस्तुत स्तोत्र त्या संग्रहातले असून डॅनिश चर्चच्या २००२ च्या स्तोत्रसंग्रहात ते ५५७ व्या क्रमांकावर आहे. पहिले कडवे स्थूल लिप्यंतरात असे आहे :

हेर विल तीएस, हेर विल बीएस,
हेर विल बीएस, ओ स्वाए सिन!
विस्त स्कल दू हेन्ते, कुन वेद अत वेन्ते,
कुन वेद अत वेन्ते, वोर सोमर इन.
हेर विल तीएस, हेर विल बीएस,
हेर विल बीएस, ओ स्वाए सिन!

भावार्थ असा : इथे गप्प राहायला हवे, इथे वाट पाहायला हवी, हे दुबळ्या मना, आपला उन्हाळा तू घरात नक्की आणशील, पण तो केवळ वाट पाहूनच.

आता मोजणी करू. डॅनिशमध्ये लघुगुरू नसतात, आघात (अक्षरावरचा जोर) असतात, हे एकदा ध्यानात घेतले की पुढचे सोपे आहे. पहिली ओळ चार-चार अक्षरांच्या दोन तुकड्यांची आहे आणि प्रत्येक तुकड्यात पहिल्या व तिसऱ्या अक्षरावर आघात येतो. दुसऱ्या ओळीचा पहिला तुकडा तसाच आहे, मात्र दुसऱ्यात आघात उलटून दुसऱ्या व चौथ्या अक्षरावर जातो आणि ओळ आघातावरच बंद होते. तिसऱ्या ओळीत चाल बदलते : तुकडा चाराचा पाच अक्षरांचा होतो आणि दोन आघातांच्या मध्ये एकाऐवजी दोन हलकी अक्षरे येतात. आघात म्हणजे गुरू असे क्षणभर मानले, तर हा तुकडा भगण (एक गुरू, दोन लघू) व त्यापुढे दोन अक्षरे असा पडतो, म्हणजे आपल्या दोधक वृत्ताचा (भ भ भ ग ग) शेवटचा भाग. चौथी ओळ पाच आणि चार अक्षरांची आहे. पाचवी व सहावी म्हणजे पहिल्या दोन ओळी जशाच्या तशा. एकूण अक्षरे आठ, आठ, दहा, नऊ, आठ, आठ, अशी ५१ होतात.

यमकांच्या तीन जोड्या आहेत. 'तीएस–बीएस' आणि 'हेन्ते–वेन्ते' या द्व्यक्षरी असून ओळीच्या आतच जुळतात, तर 'सिन–इन' ही एकाक्षरी जोडी दुसरी, चौथी आणि सहावी ओळ बांधून ठेवते. ओळीच्या टोकाला कान लावून बसणाऱ्याला एकच यमक सापडेल. बाकीची दोन ओळीच्या पोटात आहेत.

धागा काढण्याचे खरे कारण पुनरावृत्ती हे आहे. पहिल्या ओळीचा उत्तरार्ध दुसऱ्या ओळीचा पूर्वार्ध होतो, तिसरीचा उत्तरार्ध चौथीचा पूर्वार्ध होतो आणि शेवटी आरंभीच्या दोन्ही ओळी परत येतात. ५१ अक्षरांपैकी एकदा म्हटलेला, नवा मजकूर फक्त २६ अक्षरांचा आहे. उरलेली २५ अक्षरे कडव्याने आधीच उच्चारलेली असतात. 'बीएस', म्हणजे वाट पाहणे, हे क्रियापद एकाच कडव्यात चारदा येते. एवढ्या लहान जागेत अर्धी जागा पुनरुक्तीला देणारा कवी एक तर आळशी असला पाहिजे किंवा अत्यंत काटेकोर, आणि माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. वाट पाहण्याविषयी बोलणारे हे कडवे गाणाऱ्यालाही वाट पाहायला लावते, आणि ती पुनरुक्तीच्या जागा नेमक्या निवडल्यामुळे पाहावी लागते, असे मला म्हणायचे आहे.

अक्षरगण

उत्तम विषय. मात्र दोधकाशी घातलेली सांगड जपून वापरावी. दोधकातील गुरू हा उच्चाराच्या काळावर ठरतो. आघाती पद्यात अक्षर जोरकस असते, ते लांब असेलच असे नाही. त्यामुळे भगण हा येथे आराखडा दाखवण्यापुरता ठीक आहे, त्यावरून मात्रा मोजून आवर्तने पाडू लागलो तर फसगत होईल. योगायोग म्हणजे भगण आणि दोन अक्षरे हाच साचा ग्रीक-लॅटिन परंपरेत सॅफो या ग्रीक कवयित्रीच्या कडव्याची शेवटची आखूड ओळ म्हणून प्रसिद्ध आहे आणि युरोपीय कवींनी तो आघाताच्या हिशेबाने आपापल्या भाषांत आणला. ब्रोर्सन शिकलेला धर्मोपदेशक होता, तेव्हा हा साचा त्याच्या कानावर नव्हता असे मानण्याचे कारण नाही.

अलंकाराच्या बाजूने पाहता पहिल्यांदा आठवते ते दामयमक. एका चरणाच्या शेवटची अक्षरे पुढच्या चरणाच्या आरंभी घेऊन माळ ओवत जाणे ही मोरोपंतांची आवडती करामत होती आणि त्यांच्या रामायणांत एक 'दामरामायण'च आहे. आपण वर्णन केलेली जोडणी बाहेरून तंतोतंत तशीच दिसते.

मळवाट

बाहेरून दिसते, पण आतून ती तशी नाही. यमकाची शास्त्रातली अट अशी की परत येणाऱ्या वर्णसमूहाला अर्थ असेल तर तो वेगळा असावा. 'काव्यप्रकाश'कार मम्मटाने हे स्पष्ट म्हटले आहे. पंतांच्या दामयमकाची गंमतही त्यातच असते : तीच अक्षरे पुढच्या चरणात वेगळ्या शब्दात मिसळून जातात आणि वाचकाला पदच्छेद नव्याने करावा लागतो. ब्रोर्सनकडे तोच शब्द, तोच अर्थ, तोच पदच्छेद आहे. शब्द आणि अर्थ दोन्ही तेच राहून केवळ तात्पर्य बदलत असेल तर त्याला लाटानुप्रास म्हणतात. तेव्हा प्रश्न असा उरतो की येथे तात्पर्य बदलते का? बदलत नसेल तर ही नुसती द्विरुक्ती, आणि मग २५ अक्षरांचा हिशेब कवीच्या विरोधात जातो.

दुसरे म्हणजे, शेवटी परत येणाऱ्या ओळींना कोणी ध्रुवपद म्हणण्यापूर्वीच सांगतो की ते ध्रुवपद नव्हे. आपल्या पदात किंवा अभंगगायनात ध्रुवपद सबंध रचनेत एकच राहते आणि प्रत्येक कडवे त्याच्याकडे परतते. आपण दिलेल्या रचनेत कडवे स्वतःच्याच आरंभाकडे परतते. पुढच्या कडव्यांतही असेच आहे का, हे धागाकर्त्यांनी सांगावे.

लिंबलोण

होय, प्रत्येक कडव्याचा आरंभ वेगळा आहे आणि प्रत्येक कडवे आपापल्याच आरंभावर मिटते. दुसरे कडवे असे (परत येणाऱ्या शेवटच्या दोन ओळी गाळल्या आहेत) :

त्रांगे तीदर लांगसोम्त स्क्रीदर,
लांगसोम्त स्क्रीदर, दे हार देन आर्त.
दायेने लेंगेस, विंतरेन स्त्रेंगेस,
विंतरेन स्त्रेंगेस, ओ दे एर स्वार्त.

अडचणीचे दिवस हळूहळू सरकतात, त्यांची रीतच तशी. दिवस मोठे होऊ लागतात, हिवाळा अधिक कडक होतो, आणि ते कठीण असते. यमके पुन्हा तीनच आहेत : 'तीदर–स्क्रीदर', 'लेंगेस–स्त्रेंगेस' आणि टोकाला 'आर्त–स्वार्त'.

मळवाट यांचा प्रश्न कळीचा आहे. माझे उत्तर पहिल्या कडव्याच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत आहे. तेथे क्रियापद 'हेन्ते इन' असे दोन तुकड्यांचे आहे : 'हेन्ते' म्हणजे आणणे आणि 'इन' म्हणजे आत. डॅनिशमध्ये असे क्रियापद फोडता येते आणि दोन तुकड्यांच्या मध्ये कर्म घालता येते, तसेच येथे 'वोर सोमर' (आपला उन्हाळा) हे कर्म मध्ये आले आहे. पण ब्रोर्सन त्याही आधी 'केवळ वाट पाहून' हे शब्द घालतो आणि एकदा घालून त्याचे समाधान होत नाही, म्हणून ते पुन्हा घालतो. ऐकणाऱ्याला 'तू नक्की आणशील' एवढे कळलेले असते, परंतु काय आणशील आणि कुठे, हे कळण्यापूर्वी त्याला 'केवळ वाट पाहून, केवळ वाट पाहून' हे दोनदा ओलांडावे लागते, आणि क्रियापद पुरे होते ते ओळीच्या अगदी शेवटच्या अक्षराशी. त्याच अक्षरावर यमकही जुळते. व्याकरण, यमक आणि आघात या तिघांची एकाच अक्षरावर अशी गाठ पडणे आपोआप होत नाही.

आता तात्पर्याविषयी. पहिले 'कुन वेद अत वेन्ते' हे मागच्या 'हेन्ते'ला मर्यादा घालते : आणशील, पण केवळ थांबून. दुसरे पुढे पाहते आणि उन्हाळ्याला वाट करून देते. शब्द तेच, अर्थ तोच, संबंध निराळा. मला हा लाटानुप्रासच वाटतो.

रानजाई

मी गेली काही वर्षे डेन्मार्कच्या युटलंड भागात राहते आणि स्थानिक चर्चच्या गायनमंडळीत उभी असते, म्हणून श्वासाबद्दल एक निरीक्षण नोंदवते. आमच्या मंडळीत हे स्तोत्र गाताना पहिल्या 'वेन्ते'नंतर सगळे श्वास घेतात आणि दुसऱ्या 'कुन वेद अत वेन्ते'पासून 'इन'पर्यंतचा भाग एका श्वासात जातो. त्यामुळे पहिला तुकडा मागे चिकटतो आणि दुसरा पुढे, हे लिंबलोण यांचे म्हणणे गळ्याने पटते. उलट 'हेर विल बीएस'च्या बाबतीत तसे होत नाही. तेथे दुसऱ्यांदा म्हणताना आवाज खाली येतो आणि 'ओ स्वाए सिन' जवळजवळ स्वतःशीच म्हटल्यासारखे होते.

तिसऱ्या कडव्यात तात्पर्याचा फरक आणखी स्पष्ट आहे. 'तुर्तल्दूए, कोम अत स्कूए, कोम अत स्कूए : बाग गेरदेत हिस्त', म्हणजे 'होल्या, ये आणि पाहा, ये आणि पाहा, तिकडे कुंपणापलीकडे'. पहिल्यांदा नुसते 'पाहा' आहे, काय आणि कुठे ते नाही. दुसऱ्यांदा तेच शब्द जागा दाखवतात. पुढे 'तिल आल्त दे सोदे' या शब्दांचेही तसेच आहे. सगळे काही गोडव्याच्या दिशेने अंकुरते आहे, असे म्हणून वाक्य पुरे झालेसे वाटते, आणि लगेच तेच शब्द पुन्हा उचलून त्यांना 'जो तुझाच आहे, नक्की' अशी जोड मिळते.

बायबलमधल्या गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायात हिवाळा सरला, फुले दिसू लागली, होल्याचा शब्द ऐकू येतो आहे, अशी प्रियकराची साद आहे. स्तोत्राचा सगळा ऋतुपट तिथून आलेला आहे. फरक इतकाच की तिथे हिवाळा संपलेला आहे आणि येथे तो संपायचा आहे.

अक्षरगण

मग दुसऱ्या कडव्याचे काय? 'लांगसोम्त स्क्रीदर, लांगसोम्त स्क्रीदर' यात दुसऱ्यांदा काहीही जोडले जात नाही. 'हळूहळू सरकतात' हेच दोनदा म्हटले आहे. येथे लाटानुप्रास लागू करणे ओढाताणीचे होईल.

आणखी एक शंका आहे. तिसऱ्या ओळीपासून चाल बदलते, तुकड्यात एक हलके अक्षर वाढते आणि ओळ पळू लागते. पहिल्या कडव्यात तिथे उन्हाळ्याचे आश्वासन आहे म्हणून ती धाव शोभते. दुसऱ्या कडव्यात त्याच जागी हिवाळा कडक होतो आहे. म्हणजे चालीचा आणि आशयाचा संबंध एका कडव्यापुरता, आणि पुढे केवळ साचा पाळला आहे, असे म्हणावे लागेल.

लिंबलोण

पहिला मुद्दा मान्य करण्यासारखा आहे : दुसऱ्या कडव्यातील पहिली द्विरुक्ती अर्थात भर घालत नाही, ती फक्त वेळ खाते. 'हळूहळू सरकतात' हे दोनदा म्हटल्याने ओळ स्वतःच हळू सरकते, एवढेच तिचे काम.

दुसऱ्याबाबत मी जरा निराळे मांडतो. चालबदलाचा संबंध आनंदाशी किंवा दुःखाशी जोडू नये. प्रत्येक कडव्याच्या बाहेरच्या ओळींत मनाची किंवा काळाची स्थिती आहे, नाहीतर साद आहे : गप्प राहा, दिवस सरत नाहीत, होल्या ये. मधल्या दोन ओळींत त्यामागचे कारण किंवा पुरावा आहे. दुसऱ्या कडव्यातला पुरावा फार सूक्ष्म आहे. 'दिवस मोठे होतात, हिवाळा कडक होतो' ही उत्तरेकडची म्हणीच्या घाटाची ओळ आहे आणि ती अक्षरशः खरी आहे. डिसेंबरच्या अखेरीपासून दिवस वाढू लागतो, पण जमीन आणि समुद्र साठलेली ऊब गमावतच राहतात, त्यामुळे खरी थंडी जानेवारी-फेब्रुवारीत पडते. म्हणजे ज्या काळात त्रास वाढतो त्याच काळात उजेडही वाढत असतो. 'लेंगेस' आणि 'स्त्रेंगेस' या दोन क्रियापदांचे यमक ही विसंगती शेजारी-शेजारी बसवते, आणि मग पुनरावृत्ती होते ती कडक होण्याची, मोठे होण्याची नाही. उजेडाचा उल्लेख एकदाच येतो आणि निसटतो. हिवाळ्यात तो खरोखर असाच निसटत असावा, असे वाटते.

खर्ज

सगळी चर्चा कवीच्या हेतूवर चालली आहे, म्हणून संगीताच्या बाजूने थोडे थंड पाणी. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटालियन पद्धतीचे 'दा कापो' गीत सगळ्या युरोपभर गाजत होते. त्याचा साचा असा की पहिला भाग गायचा, वेगळ्या चालीचा मधला भाग गायचा आणि मग पुन्हा आरंभापासून पहिला भाग, बहुधा गायकाच्या स्वतःच्या हरकतींसह. हेंडेलच्या ऑपेरांत अशी गीते ढिगाने आहेत. शब्दांचे तुकडे लगोलग परत म्हणणे हीही त्याच शैलीची सवय, कारण थोड्या शब्दांवर जास्त संगीत बसवायचे असते. ब्रोर्सनची ही अखेरची रचना त्या रोकोको (नाजूक, नटव्या) गानशैलीच्या वळणाची आहे, हे अभ्यासक मान्य करतात. तेव्हा दोन ओळी, मग वेगळ्या चालीच्या दोन ओळी, मग पहिल्या दोन, हा आराखडा त्याला तयार मिळाला. मासिकाच्या चौकटीत बसणारा लेख लिहिणाऱ्याने शब्दमर्यादा पाळली म्हणून आपण त्याला संयमी म्हणत नाही.

लिंबलोण

आराखडा तयार होता, हे पूर्ण मान्य. तरी त्याच कवीचे आधीचे स्तोत्र शेजारी ठेवून पाहावे. १७३२ च्या नाताळ-स्तोत्रांच्या छोट्या पुस्तिकेतील 'देन इंदिग्स्ते रोसे एर फुनेन' याची ओळ नऊ अक्षरांची आहे. आघात दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या अक्षरावर, ओळी दोन-दोन करून जुळवलेल्या, आणि पुनरावृत्ती नावालाही नाही. सर्वांत सुंदर गुलाब काट्यांत सापडला, अशी घडून गेलेली गोष्ट ते सांगते, म्हणून ओळ न अडखळता सरळ चालते. गंमत म्हणजे त्या स्तोत्राच्या पहिल्याच यमकात 'ओप्रुनेन' (उगवला) हा शब्द आहे आणि आपल्या स्तोत्राच्या शेवटच्या कडव्यात तो पुन्हा यमकात येतो : 'से, नू एर स्तुनेन नेस्तेन ओप्रुनेन, नेस्तेन ओप्रुनेन, सोम ग्योर दाय ग्लाद', म्हणजे 'पाहा, ती घटका आता उगवलीच जवळजवळ, उगवलीच जवळजवळ, जी तुला आनंद देईल'. नाताळच्या स्तोत्रात गोष्ट उगवलेली आहे, येथे 'नेस्तेन' (जवळजवळ) हा शब्द आडवा येतो आणि तोही दोनदा.

दा कापोच्या साच्याने त्याला परत फिरायला शिकवले, हे खरे. परंतु कोणते शब्द परत फिरावेत हे साचा सांगत नाही. वर आलेल्या चारही कडव्यांत टोकाचा शब्द (उन्हाळा 'आत', 'कठीण', 'नक्की', 'आनंदी') लगेच परत येत नाही. परत येतो तो त्याच्या आधीचा, अर्धवट ठेवणारा तुकडा. आणि मधला भाग आशेच्या शब्दावर संपला तरी कडव्याला तिथे थांबण्याची मुभा नाही : उन्हाळा घरात आला-आला म्हणेपर्यंत पाचवी ओळ पुन्हा 'इथे गप्प राहायला हवे' म्हणून सुरू होते. साचा उसना असेल, ही निवड उसनी नाही.

खर्ज

टोकाच्या शब्दाचे निरीक्षण पटले. मग माझा आक्षेप इतकाच उरतो की याचे श्रेय आराखडा आणि कवी यांच्यात वाटून द्यावे.

मळवाट

वादापेक्षा प्रयोग बरा, म्हणून पहिले कडवे त्याच अक्षरसंख्येत आणि शक्य तितके त्याच आघातस्थानी गुरू ठेवून मराठीत बसवून पाहिले :

मूक राहू, वाट पाहू,
वाट पाहू, अरे मना!
निश्चित नेशी, थांबुन घेशी,
थांबुन घेशी, घरी उन्हा!
मूक राहू, वाट पाहू,
वाट पाहू, अरे मना!

मनाला संबोधणे आपल्याकडे समर्थांपासून रुळलेले असल्याने दुसरी ओळ बिनबोभाट बसली, पण 'दुबळ्या' हे विशेषण बाहेर राहिले. 'निश्चित नेशी' आणि 'थांबुन घेशी' हे दोन्ही तुकडे भगण अधिक दोन गुरू असे साधले आहेत. खरी अडचण वेगळीच निघाली. मराठी वाक्यात क्रियापद स्वभावतःच शेवटी येते, त्यामुळे ते लांबवण्यात नवल नाही. लांबवायचे ते कर्म, आणि म्हणून 'उन्हा' शेवटी ढकलावे लागले. डॅनिश श्रोत्याला अर्धे क्रियापद हातात धरून थांबावे लागते, मराठी श्रोत्याला कर्मावाचून थांबावे लागते.

अक्षरगण

'मना–उन्हा' हे यमक शिथिल आहे, पण गाताना खपून जाईल. ना. वा. तिलकांनी ख्रिस्ती भक्तिगीते अभंग-ओवीच्या चालीवर रचली तेव्हा हा प्रश्न त्यांनी मुळातून टाळला, कारण परकी चाल न घेता आपलीच घेतली. अभंगाच्या सहा-सहा-सहा-चार अक्षरांत हे स्तोत्र टाकले तर दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक सहज मिळेल, परंतु तुकडा परत म्हणायला चरणात जागाच उरणार नाही; ते काम टाळकऱ्यांवर सोपवावे लागेल.

रानजाई

मळवाट यांचे कडवे इथल्या चालीवर म्हणून पाहिले. मधल्या ओळी अडखळत नाहीत, पण 'मूक राहू'मधला 'हू' लांब असल्याने तुकडा जड होतो. डॅनिशमध्ये 'तीएस'चे शेवटचे अक्षर जेमतेम ऐकू येते. 'मूक व्हावे, स्वस्थ ऱ्हावे' असे करूनही गुरू जात नाही. शेवटी ऱ्हस्व येईल अशी क्रियापदांची जोडी कोणी सुचवावी. 'राहुन, पाहुन' हे मला सुचले आहे, पण मग वाक्य अपुरे राहते.

मळवाट

अपुरे राहिले तर चालेल असे वाटते. 'मूक राहुन, वाट पाहुन, वाट पाहुन, अरे मना' असे घेतले तर पहिल्या दोन ओळींचे क्रियापद 'नेशी'पर्यंत येतच नाही, आणि कडव्याच्या शेवटी त्याच ओळी परत आल्यावर तर ते मुळीच येत नाही. मूळ रचनेत पहिल्या ओळी व्याकरणाने पूर्ण आहेत, तेव्हा हे स्वातंत्र्य जास्तीचे ठरेल. तरीही तालासाठी मी हाच पाठ ठेवीन.